चीनला न पोचलेल्या अक्षता

हळदीनं कोपरापर्यंत पिवळी झालेली शिवरंजनी पाटावरून एकदम उठली आणि मोबाइल नाचवत ओरडली, "मामा, वेळ जाहीर झाली! उद्या सांजच्याला, साडेसहाला एक मिनिट कमी!"

हळद लावणाऱ्या बायकांना वाटलं, पोरीला मुहूर्ताची घाई झाली आहे. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. सिद्धम्मामामींना मात्र खरं काय ते माहीत होतं. त्यांनी हळदीची वाटी खाली आपटली.

"शिवशिवा! त्या चिन्यांना बी दुसरा दिवस घावला न्हाई?"

"मामी, त्यांना आपण पत्रिका कुठं धाडली होती?" शिवरंजनी म्हणाली आणि परत पाटावर बसली.

रेवणप्पामामांचं नळदुर्गात हायवेला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. नळदुर्ग अंतराळ मंडळाचं मुख्यालयही तिथंच. मंडळाचे सभासद तीन : अध्यक्ष रेवणप्पा, त्यांच्याच घरात वाढलेली भाची शिवरंजनी, आणि लग्नाकार्यात मोठा पडदा भाड्यानं लावणारा शांतलिंग. जगात कुठंही माणसं घेऊन यान निघालं, की हे तिघं काउंटरमागं एका मोबाइलला डोकी टेकवून बसतात. तेवढा वेळ गिऱ्हाइकाला बेअरिंग मिळत नाही. त्यातही चीनवर मंडळाचा विशेष लोभ. चिनी लोक निघायची वेळ आदल्या दिवशी सांगतात, पण सांगितल्या वेळेला निघतात. आपल्याकडे लग्नाची वेळ दोन महिने आधी छापतात आणि मग तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

साखरपुड्यात वादाला तोंड फुटलं होतं ते यावरूनच. नवरदेवाचे वडील, जिल्ह्यातल्याच वाशीचे कृष्णराज, हे मोठे हौशी गृहस्थ. पत्रिकेचा मजकूर वाचून ते मोठ्यांदा हसले.

"गोरज मुहूर्त, साडेसहा! छापा की, छापायला काय हरकत हाय? पर आमचा परण्या नाचत येणार, सांगून ठेवतो. आमच्या घरात रातच्या नवाच्या आत अक्षता पडल्याचं म्या तरी बघितलं न्हाई."

परण्या म्हणजे नवरदेवाची मांडवाकडं निघालेली मिरवणूक. ती पुढं सरकण्यासाठी काढलेली असते, हे परण्यातल्या कोणालाच ठाऊक नसतं.

रेवणप्पा उठून उभे राहिले. पाच बहिणींच्या पोराबाळांचे ते मानाचे मामा. लग्नात मामाच्या डोक्याला फेटा बांधल्याशिवाय त्या घराण्यात नवरी मांडवात पाऊल ठेवत नाही. त्यांनी डोक्यावरच्या फेट्याला हात लावला.

"पाव्हणं, साडेसहा म्हंजे साडेसहा. त्या वक्ताला अक्षता पडल्या न्हाईत, तर ह्या डोक्यावर परत फेटा चढणार न्हाई."

अजून दोन बहिणींच्या मुली लग्नाच्या होत्या. त्या दोन बहिणींनी एकमेकींकडं बघितलं.

"बघू की," कृष्णराज मिशीत हसत म्हणाले. "मोबाइलवर चिनी बघणारी मान्सं तुमी. वऱ्हाड बघितलेलं न्हाई अजून."

लग्नाच्या दिवशी उन्हं कलली तरी मांडव तापलेला होता. शांतलिंगचा पडदा बोहल्याच्या मागं उभा होता. त्यावर खरं म्हणजे नवरानवरीचे फोटो यायचे होते. पण नवरदेव सोमेश अजून मारुतीच्या देवळापासून निघून ढाब्यापर्यंतच पोचला होता, आणि तिथं ट्रकचे ड्रायव्हरही नाचात सामील झाल्याची खबर होती. फोटोतल्या नवऱ्याला पाहुणे कंटाळले होते. शालू नेसलेल्या शिवरंजनीनं मामांकडं बघितलं, मामांनी शांतलिंगकडं बघितलं आणि पडद्यावर चीन उगवला.

पडद्यावर पांढऱ्या पोशाखातली तीन माणसं हात हलवत चालली होती. दोन्ही बाजूंना पोरं फुलं घेऊन उभी होती, बँड वाजत होता.

पहिल्या रांगेतल्या हरणाबाईंनी डोळे बारीक केले. "अगं, ही कुणाची पाठवणी? आन् तिघं एकदमच चाललेत व्हय?"

"आजी, चीनचे हायत ते. आभाळात चाललेत," शिवरंजनी म्हणाली.

"रडंना झालंय की कुणी!"

मागून एका पाहुण्यानं आवाज टाकला, "अवो मामा, आपलं सोडून चीनचं कशापायी लावताव?"

रेवणप्पांनी माईक घेतला. "आत तीन लेकरं बसणार हायत. तीन आयांचा जीव टांगणीला लागलाय. मला तेवढं बास हाय. ज्याला बघायचं न्हाई त्यानं डोळे मिटावं, पंखा चालूच हाय." टाळ्या पडल्या. टाळ्यांनी माणूस वाहवतो. रेवणप्पांनी पुढं जोडलं, "आन् मंडळी, वेळेवर निघणारी मान्सं कशी दिसतेत ते एकदा नीट बघून घ्या. आपल्याकडं घावत न्हाईत."

वाशीचे चार पाहुणे जेवणाच्या ओढीनं परण्याच्या आधीच मांडवात येऊन बसले होते. त्यांनी हे टोमणे ताबडतोब फोनवरून ढाब्याकडं रवाना केले. तिकडून डीजेच्या आवाजावर कृष्णराजांचं उत्तर आलं, "सांगा त्या मामाला! आता तर म्या दहाच्या आत येतच न्हाई!"

"नगं येऊ!" रेवणप्पा माईकवरच म्हणाले. "अक्षता साडेसहालाच पडतील!"

"अवं, नवरदेवाबिगर?" सिद्धम्मांनी खालून विचारलं.

"त्ये बघू. तू अक्षता वाट."

सिद्धम्मांनी संसारात नवऱ्याचा शब्द बऱ्याचदा खाली पाडला होता, पण वाशीवाल्यांसमोर पाडणं त्यांना पटेना. त्यांनी बायका कामाला लावल्या. रंगवलेली ज्वारी मुठीमुठीनं मांडवभर फिरली. आणि इथंच घोटाळ्याचं बी पडलं. आपल्याकडच्या माणसाच्या हातात अक्षता आल्या, की त्याचं डोकं थांबतं आणि हात वाट बघू लागतो. त्यात उन्हाळा. घामानं रंग सुटून तळवे लाल व्हायला लागले. मूठ कधी एकदा रिकामी होते, असं प्रत्येकाला झालं.

पडद्यावर उलटी मोजणी सुरू झाली. चिनी कोणाला कळेना, म्हणून रेवणप्पांनी माईकवर मराठीतून धरली. "दहा! नऊ! आठ!" सातपासून पोरं सामील झाली, पाचपासून बायका. "तीन! दोन! एक!" या आकड्यांना तर वाशीचे पाहुणेही उठून उभे राहिले. यानाच्या बुडाशी जाळ झाला आणि अख्खा मांडव ओरडला. त्या ओरडण्याबरोबर सगळ्या मुठी उघडल्या. लाल-पिवळी ज्वारी सपासप बोहल्यावरून पडद्यावर जाऊन आदळली.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. बँडवाल्याला सांगितलेलं होतं, अक्षता उडाल्या की वाजवायचं. त्यानं वाजवलं. फटाकेवाल्याला सांगितलेलं होतं, बँड वाजला की माळ पेटवायची. त्यानं पेटवली. आचाऱ्याला फटाक्यांची खूण होती. त्यानं बुंदीची पातेली उघडली. आणि पाहुण्यांना आयुष्यात कोणी काही सांगायची गरज पडलेली नव्हती. ते पंगतीकडं धावले.

मांडवात उरले मामा, मामी, नवरी, शांतलिंग, लग्न लावायला आलेले, हातात अंतरपाट धरून उभे असलेले स्वामी, आणि गुडघ्यांमुळं उठता न आलेल्या हरणाबाई.

"खालचं गळून पडलं की गं!" पडद्याकडं बोट दाखवत हरणाबाई कळवळल्या.

"पहिला टप्पा हाय, आजी. ढकलायपुरताच असतोय. काम झालं की मागं गळतोय," शिवरंजनीनं समजावलं.

"शिवरंजनी," स्वामी शांतपणे म्हणाले, "मंगलाष्टका म्हणू का? आन् कुणाच्या म्हणू?"

सिद्धम्मा खुर्चीत बसल्या. "आता कसं वं? अक्षता उडाल्या, मान्सं जेवायला बसली. गावात काय सांगायचं? लगीन लागलं का न्हाई?"

रेवणप्पांनी फेटा चाचपला. तो जागेवर होता, पण हलका लागत होता. साडेसहाला अक्षता पडल्या होत्या. मात्र त्या ज्यांच्या डोक्यावर पडल्या, ते तिघं आता आभाळात होते.

इकडं ढाब्यासमोर घोड्यावर बसलेल्या सोमेशनं बँड ऐकला, मग फटाके ऐकले. मांडवात नवरी आहे, बँड वाजला, फटाके उडाले. मग लागलं कुणाचं? त्यानं वडिलांना हाक मारली. डीजेच्या आवाजात ती कोणालाच ऐकू गेली नाही. कृष्णराज डोळे मिटून, रुमालाचं टोक दातात धरून नाचत होते. सोमेश घोड्यावरून उतरला आणि कट्यार, बाशिंग सांभाळत हायवेच्या कडेनं पळत सुटला.

तो धापा टाकत मांडवात शिरला. "लागलं का?"

"चीनचं लागलं," शिवरंजनी बोहल्यावरून म्हणाली. "आपलं ऱ्हायलंय. चढा वर, सूर्य हाय अजून."

"पर अक्षता?" सिद्धम्मा म्हणाल्या. "एक दाणा शिल्लक न्हाई!"

शांतलिंगनं पडद्यापुढच्या सतरंजीकडं बोट केलं. सगळी ज्वारी तिथं पडली होती. स्वामींनी मान हलवली. "एकदा वाहिलेल्या अक्षता परत चालत न्हाईत."

"स्वामी," रेवणप्पा फेटा घट्ट करत म्हणाले, "ह्या चीनला वाहिल्या होत्या. पोचल्या का? पडद्याला लागून परत आल्या. जे पोचलंच न्हाई, ते वाहिलं कसं?"

स्वामींनी विचार केला. त्यांनाही जेवायचं होतं. "शास्त्रात पडद्याचं काही लिहिलेलं न्हाई," ते म्हणाले आणि त्यांनी अंतरपाट धरला.

सिद्धम्मांनी माईकवरून पंगत उठवली. तोंडात बुंदी आणि ओंजळीत सतरंजीवरची ज्वारी घेऊन पाहुणे परत जमले. मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, बँड दुसऱ्यांदा वाजला. पश्चिमेला उजेड अजून होता. नळदुर्गाच्या हद्दीत गोरज मुहूर्तावर गोरजातच लग्न लागलं, ही गोष्ट जुन्या माणसांनाही आठवत नव्हती.

अंधार पडून बराच वेळ झाल्यावर परण्या दिमाखात मांडवाच्या दारात आला. घोड्यावर कोणी नाही, हे नाचणाऱ्यांना त्याच वेळी कळलं. कृष्णराजांनी घोडा पुढून बघितला, मागून बघितला. मग मांडवात बघितलं. सोमेश आणि शिवरंजनी शेजारी शेजारी बसून जेवत होते.

"माझ्याबिगर माझ्या पोराचं लगीन लावलं?" कृष्णराज गरजले. "रेवणप्पा, ही कुठली रीत?"

रेवणप्पा पानावरून उठले नाहीत. त्यांनी बुंदीचा घास घेतला.

"पाव्हणं, तुमचं पोरगं वेळेवर सुटलं. तुमी पहिला टप्पा. ढकलत इथपत्तोर आणलं, उपकार झाले. पहिला टप्पा मागंच गळतोय, चीनमंदी बी."

हरणाबाई खुर्चीतून म्हणाल्या, "व्हय, म्या बघितलंय."

त्या रात्री वाशीचं वऱ्हाड रुसलं, समजूत काढल्यावर जेवलं आणि गेलं. पण कृष्णराज रेवणप्पांशी बोलायचे बंद झाले. दिवाळीला सून माहेरी आली, तरी व्याह्यांचा निरोप नाही. चीनचे तिघं मुदत भरून सुखरूप खाली उतरले, तेव्हा सिद्धम्मांनी दुकानात पेढे वाटले. "आपल्या अक्षता लागल्या त्यांना," त्या गिऱ्हाइकांना सांगत होत्या.

पुढं काही दिवसांनी दुकानातला फोन वाजला.

"रेवणप्पा, कृष्णराज बोलतोय." आवाज खाली होता. "श्रीदेवीचं जमलंय. आमच्या धाकटीचं."

"लई चांगलं झालं की!"

"चांगलं कसलं? अवो, आता म्या पोरीचा बाप. ती नवऱ्याकडची मान्सं म्हणतेत, आमी परण्या नाचवत आणणार, अकराच्या आत अक्षता न्हाईत. माझं पाव्हणं तवर काय उपाशी बसवू?" मग कृष्णराज घसा खाकरत म्हणाले, "ते पडद्यावालं... पुढचं यान कवा हाय?"

रेवणप्पांनी काउंटरवरचा फेटा उचलून डोक्यावर ठेवला.

"पाव्हणं, चीनवाले वेळ आदल्या दिशी सांगतेत."

"सांगू द्या," कृष्णराज म्हणाले. "आमी बी पत्रिका आदल्याच दिशी छापतो."