आशाबाईंच्या झोपेसाठी सप्ताह

या, या, पुढं सरका माउली! मागं भिंतीला टेकून बसलं की डोळा लागतो, आणि आजची कथा तर झोपेचीच आहे. बजाजनगरच्या नानासाहेबांनी बायकोला शांत झोप लागावी म्हणून काय काय केलं, ते सांगतो. ऐकून हसायचं की हात जोडायचे, ते तुमचं तुम्ही ठरवा.

नानासाहेबांची उभी हयात वाळूजच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला गेली. त्यांची फर्स्ट शिफ्ट, म्हणजे आशाबाईंची त्याच्याही आधीची. अंधारात उठायचं, भाकरी थापायच्या, डबा भरायचा. रिटायर झाले त्या दिवशी शाल-नारळ मिळाला आणि नानासाहेबांनी माइक हातात धरून जाहीर केलं, "माझ्या मंडळीनं आयुष्यभर पहाट बघितली. उद्यापासून ती ऊन अंगणात येईस्तोवर झोपणार! हा माझा शब्द!"

टाळ्या पडल्या. आशाबाईंनी पदरानं डोळे टिपले.

त्याच आठवड्यात शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर बिल्डिंगचं काम निघालं.

पहाटे चारलाच पाण्याचा टँकर मागं मागं यायचा, येताना सिनेमाचं गाणं वाजवत. मग मिक्सर सुरू! त्यात खडी पडली की वाटावं, कुणीतरी अख्खा दौलताबादचा किल्ला दळायला टाकलाय. आशाबाई दचकून उठायच्या, सवयीनं पीठ मळायच्या. मळून झाल्यावर आठवायचं, की आता डबा कुणालाच न्यायचा नाही. मग त्या पिठाच्या गोळ्यासमोर बसून राहायच्या.

"काळजी करू नको, आशा," नानासाहेब म्हणाले. "उद्या बंद करतो."

"भांडू नका म्हणजे झालं."

"भांडण कशाला? आपण कीर्तन ऐकलेली माणसं!"

साइटवर मुकादम होता फकिरा. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. त्यानं वाकून पाया पडायला सुरुवात केली तशी नानासाहेबांनी आणलेली निम्मी रागाची वाक्यं जागीच विरघळली.

"माउली, मी काय हौसेनं उठतो व्हय?" फकिरा म्हणाला. "दुपारी ऊन बगा कसलं पडतंय! पोरं भाजून निघतेत. गारव्यातच माल टाकावा लागतो."

नानासाहेबांनी उलट त्यालाच पाणी विचारलं आणि परत आले. पण येताना त्यांच्या डोक्यात त्या माळेचे मणी फिरत होते. माळकरी माणूस आहे. आणि माळकरी माणूस शेजारी सप्ताह बसलेला असताना यंत्र चालवेल? शक्यच नाही!

"आशा, आपल्या अंगणात नामसप्ताह बसवतो. सात दिवस मिक्सर गप्प. तू नुसती झोप!"

"आणि आठव्या दिवशी?"

"तोवर त्याला सवय लागेल."

आता सप्ताहाचा एक नियम आहे, तो तुम्हाला ठाऊक असेल, नसला तर सांगतो. वीणा एकदा गळ्यात घेतली की सप्ताह संपेस्तोवर ती खाली टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. त्यासाठी पहारे लावतात, माणसं नेमतात. नानासाहेबांनी मंडप घातला, रांगोळी काढली, हार आणले. माणसं नेमायची राहून गेली.

पहाटे काकडा पेटवून ते वीणा घेऊन अंगणात एकटेच उभे राहिले. असा आवाज लावला की गल्लीतली कुत्री उठून बसली. भिंतीपलीकडं टँकरचं गाणं अर्ध्यात तुटलं. फकिरा चपला काढून भिंतीशी आला, हात जोडले, आणि मागं वळून ओरडला, "ए, मिक्सर बंद करा! भजन चाललंय!"

शांतता! अहाहा! नानासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळानं पुन्हा आलं, पण त्याचं कारण वेगळं होतं. रात्री त्यांनी ताक जरा जास्त घेतलं होतं.

वीणा खाली ठेवावी तर सप्ताह मोडतो. सप्ताह मोडला तर मिक्सर सुरू. मिक्सर सुरू झाला तर आशाबाईंची झोप जाते. नानासाहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. फकिराला वाटलं, महाराजांना भाव आला. तोही नाचू लागला.

अखेर नानासाहेब नाचत नाचतच घरात शिरले आणि त्यांनी आशाबाईंना हलवून उठवलं.

"अहो, काय झालं? मिक्सर तर बंद आहे!"

"म्हणूनच! तू झोपावीस म्हणून! ही वीणा धर जरा, लवकर!"

आणि ज्या बाईसाठी हे सगळं मांडलं होतं, ती बाई डोळे चोळत, अंबाडा सुटलेला, गळ्यात वीणा घेऊन पहाटेच्या अंधारात अंगणात उभी राहिली.

फकिरानं ते पाहिलं आणि त्याला गहिवरून आलं. "घरात दोघंच! अन् सप्ताह बसवला! माउली, माझी पोरं हायेत की!" त्यानं सगळ्या मजुरांना आत घेतलं. त्यातल्या निम्म्यांना शब्द येत नव्हते, पण घमेल्यावर ठेका असा धरला की मृदंगवाल्यानं खाली मान घालावी. वीणा एकाकडून दुसऱ्याकडं जाऊ लागली. काकडा उरकला की एकजण वीणेला मागं, बाकीची पोरं कामावर, मिक्सर उन्हातच चालू. सगळं कसं शिस्तीत.

पण भजनी माणसाला चहा नको?

पहिल्या दिवशी कपात झाला. दुसऱ्या दिवशी पातेल्यात. नंतर नंतर आशाबाई चारच्याही आधी उठून गॅस पेटवू लागल्या. गल्लीतल्या मालनबाई कपाळाला चोळलेल्या बामाच्या वासासकट दारात आल्या.

"भावजी, तुमचा विठोबा बहिरा हाय का?"

"नाही हो! का?"

"मग एवढ्या जोरानं कामून सांगताव त्याला?"

नानासाहेबांनी त्यांनाही चहा दिला. म्हणजे आशाबाईंनी दिला.

काल्याचा दिवस आला. हंडी फुटली, लाह्या-दही वाटलं, आणि नानासाहेब मनातल्या मनात म्हणाले, संपलं! उद्यापासून आशा झोपणार. फकिराच्या मनात शिस्त मुरलीच आहे.

तेवढ्यात फकिरा पुढं आला. डोळे भरलेले.

"महाराज, ह्या सात दिवसांत माझ्या पोरांनी गुटखा सोडला बगा. भांडणं नायत, शिव्या नायत. मी काल शेठला सांगून आलो. म्हटलं, जोवर महाराजांच्या अंगणात पहाटं काकडा हाय, तोवर आपलं यंत्र अंधारात चालणार नाय. ऊन लागू दे! ज्या दिवशी टाळ वाजला नाय, त्या दिवशी समजायचं महाराजांनी परवानगी दिली, अन् मिक्सर चालू!" असं म्हणून त्यानं वीणेवर हात ठेवून शपथ घेतली. मागून पोरांनी घमेली वाजवली.

"किती मजल्यांची बिल्डिंग आहे?" नानासाहेबांनी हळूच विचारलं.

"सात. आत्ता पाया चाललाय."

नानासाहेबांनी आशाबाईंकडं पाहिलं. आशाबाई खरकटं पातेलं घासत होत्या. घासता घासता, मान वर न करता त्या म्हणाल्या,

"मिक्सर बरा होता हो. त्याला चहा लागत नव्हता."

तर माउली, अशी ही कथा. कधी पहाटेच्या वेळी बजाजनगरकडून जाणं झालं आणि टाळांचा आवाज कानी पडला, तर थांबा, नमस्कार करा. पण मंडपात हार घालून उभे आहेत त्यांना नको, त्यांना पुष्कळ लोक करतात. मागच्या बाजूला खिडकीत गॅसची निळी ज्योत दिसेल, तिकडं करा. आणि उद्या सकाळी ऊन अंगणात येईस्तोवर झोपलात, तर कूस बदलताना तेवढी आशाबाईंची आठवण ठेवा.