तांबट आळीच्या बारा मिनिटांची बखर

श्रीकालिका प्रसन्न. उजेडास नमन, आवाजास दंडवत, आणि ज्यांनी आपले हातोडे खाली ठेवोन परक्यांस जागा दिली त्यांस साष्टांग. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, माघ मास, शुद्ध पक्ष, ते समयी एका राज्यात जे वर्तले ते सेवकाने डोळां पाहिले आणि पाहिले तैसे लिहिले. सेवकाची चाकरी फौजेत चिटणिशीची, म्हणजे कोणत्या शॉटमध्ये पेला कोणत्या हाती होता आणि पदर कोणत्या खांद्यावर होता हे वहीत टिपोन ठेवणे. सबब न लिहावे तर राहवत नाही.

राज्याच्या धनीण हेमांगीबाई वाघुळदे, वय वर्षे तेहतीस. राज्य म्हणावे तर एक लॅपटॉप, एक संहिता आणि आम्ही सहा माणसे. बाईसाहेबांचे मनी थिएटरात लागेल ऐसा दोन तासांचा चित्रपट करावा, आणि त्याची संहिता बगलेत मारोन त्या सात वर्षे दारोदार फिरल्या, आणि कोणी चहा पाजला आणि कोणी तोही नाही. मग मोठ्या पडद्याचे सुभेदार, निर्माते प्रभाकरपंत गोरक्षकर, यांनी संहिता वाचिली आणि निरोप धाडिला जे, "लिहिलंय बरं. पण पडद्यावर माणसं बोलती करता येतात का तुम्हाला, ते मला दिसलं पाहिजे. बारा मिनिटांचा लघुपट करून आणा, माघी पौर्णिमेला बघतो. जमला तर सिनेमा तुमचा. नाही जमला तर पुन्हा फोन करू नका." सात वर्षांचा निकाल बारा मिनिटांवर आला. बाईसाहेबांनी निरोप तीनदा वाचिला, आणि मग आम्हांस फोन केले.

मग मोहिमेस तांबट आळी नेमिली. तेथे गजाननदादा करडे, वय पंचाहत्तर, साठ वर्षे बंब आणि घंगाळी ठोकोन कानांनी अधू जाहलेले, आणि त्यांचे कुटुंब इंदूकाकी, ज्या न ऐकणाऱ्या दादांशी दिवसभर बोलतात. लघुपट या दोघांचा आणि तो दोघांनीच करावा ऐसे ठरले, आणि संवाद बाईसाहेबांनी स्वहस्ते लिहिले, बहुत जड लिहिले. परंतु आळीत पंचवीस हातोडे अष्टौप्रहर वाजतात, त्यात माणसाचा आवाज कैसा टिपावा म्हणोन आमचे ध्वनीचे सरदार फिरोज शिकलगार यांनी हात टेकले. तेव्हा इंदूकाकी स्वतः दुकानोदुकान गेल्या आणि म्हणाल्या, "तीन दिवस फक्त. माझ्या लेकीचं कार्य आहे असं समजा." लग्नसराई तोंडावर असता आळीने तीन दिवस हातोडे खाली ठेविले. सेवकास सख्खा मामा आहे, तो सेवकासाठी टीव्हीचा आवाज कमी करीत नाही.

मग चतुर्थीपासोन षष्ठीपर्यंत चित्रीकरण चालिले. बाईसाहेब 'ॲक्शन' म्हणत आणि दादा व काकी लिहिलेले बोल ऐसे म्हणत जैसी शाळेत प्रतिज्ञा म्हणावी, आणि 'कट' म्हणताच दोघे खुर्चीत सैल बसोन गप्पा मारू लागत. ऐसे चौसष्ट वेळा जाहले, आणि दरवेळी सेवकाने फिरोजमियांस विचारोन वहीत लिहिले, 'आवाज ठीक'.

आवाज ठीक नव्हता. नवमीस संकलनास बसलो तो सर्वांच्या पायाखालची जमीन सरकली. रेकॉर्डरवर तांब्याची धूळ पडू नये म्हणोन फिरोजमियांनी त्यास पिशवी शिवली होती, आणि त्या पिशवीत त्याचा लाल दिवाच झाकला गेला होता. रोज सकाळी चाचणीस ते एकदा बटण दाबीत आणि यंत्र चालूच राही. पुढे 'ॲक्शन' होता ते पुन्हा दाबीत, तो यंत्र बंद. 'कट' होता पुन्हा दाबीत, तो चालू. हेडफोनात आवाज दोन्ही वेळी येई, सबब कळले नाही. सांजेस ऐकोन पाहावे हा शिरस्ता, तोही थकव्यात राहिला. फिरोजमियां खाली बघोन म्हणाले, "ताई, तुम्ही सुरू म्हणालात की मी बंद करत होतो. तीन दिवस." आणि ते रडो लागले, आणि सेवकाने आपली वही हळूच खुर्चीखाली सारली. आळीकडे चौथा दिवस मागण्यास तोंड नव्हते आणि पौर्णिमेस सहा दिवस होते. बाईसाहेब जिन्यात जाऊन बसल्या. अर्ध्या घटकेने आत आल्या, फिरोजमियांपुढे पाण्याचा पेला ठेविला आणि म्हणाल्या, "जे आहे ते लाव."

मग जे होते ते ऐकिले. इंदूकाकी बाईसाहेबांस सांगत होत्या, "हा माणूस माझं ऐकत नाही हे मला कळतं की गं. पण बोलले नाही तर मला जेवण जात नाही." आणि दुसरे ठायी काकी चहा आणावयास गेल्या असता फिरोजमियांनी दादांच्या कानाशी तोंड नेऊन काही पुसले होते, आणि दादा म्हणत होते, "ती काय बोलतीय ते ऐकू येत नाही मला. पण बोलतीय हे कळतं, पाठीमागं असली तरी. कसं ते विचारू नको. थांबली की जिवाला घोर लागतो, मग मान वर करून बघतो." बाईसाहेबांनी आपली संवादांची पाने उचलिली आणि सेवकाच्या हाती दिली आणि म्हणाल्या, "ही ठेव कुठंतरी. मला दिसणार नाहीत अशी."

मग पाच दिवस बसोन ऐसे जुळविले की, जेथे काकींचे ओठ हालतात तेथे काही ऐकू येत नाही, जैसे दादांस येत नाही. आणि जेथे दादांचे हात तांब्यावर चालतात तेथे वरोन ते बोलणे येते जे दोघांनी एकमेकांस कधी सांगितले नव्हते. पौर्णिमेस प्रभाकरपंतांनी बारा मिनिटे पाहिली आणि विचारिले, "संवाद कुणाचे?" येथे बाईसाहेब 'माझे' म्हणत्या तर कोणास कळते? परंतु म्हणाल्या, "त्यांचेच. माझे रेकॉर्ड झाले नाहीत." आणि सर्व कथा सांगितली. पंत म्हणाले, "आणि तुमचे कसे होते?" बाईसाहेब म्हणाल्या, "वाईट होते. हे ऐकेपर्यंत मला कळलं नव्हतं." पंतांनी बारा मिनिटे पुन्हा पाहिली आणि म्हणाले, "सिनेमाचं लिखाण पुन्हा करा. असं, ऐकून. मग सुरू करू."

मग बाईसाहेबांनी पेढ्यांआधी पडद्यासाठी चादर घेतली आणि आळीत गेल्या. दिवेलागणीस करड्यांच्या दुकानापुढे चादर बांधोन लघुपट लाविला आणि सर्व आळी पायरीवर बसली. इंदूकाकी शिरस्त्याप्रमाणे दादांशी बोलत होत्या, "बघा, टक्कल कसं चमकतंय तुमचं. त्या घंगाळापेक्षा जास्त." आणि मग पडद्यावर दादांचे ते बोलणे आले, आणि काकींचे बोलणे थांबले. दादांस पडद्यावरील काही ऐकू येत नव्हते. दोन क्षण गेले, तीन गेले, आणि दादांनी मान वर करोन काकींकडे पाहिले. काकींनी डोळ्यांस पदर लाविला आणि म्हणाल्या, "काही नाही. बघा पुढं."

सारांश, बारा मिनिटे मोठ्या पडद्याची पायरी म्हणोन बांधिली, आणि तीवर आळीच बसली, आणि बाईसाहेबांचा मोठा चित्रपट येत्या वैशाखी सुरू होतो. ध्वनीस फिरोज शिकलगारच आहेत. त्यांनी विचारिले की बटण केव्हा दाबू, तो बाईसाहेब म्हणाल्या, "सकाळी एकदा दाब. मग संध्याकाळपर्यंत हात लावू नकोस." सेवक आता टिपलेला आवाज कानास लावोन ऐकतो, मगच 'आवाज ठीक' लिहितो. करडे दांपत्यास आणि पंचवीस हातोड्यांस उदंड आयुष्य असो. लेखनाची चूक असल्यास सेवकाची, बाकी सर्व त्यांचे.