सही तिथे मान

फत्तेसिंग पवारांनी अर्जाचा सतरावा रकाना वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. रकाना तोच होता.

"पंचवीस शेजाऱ्यांच्या सहीची पाठिंब्याची पत्रं! स्वानंदी, हे नाटक आहे का सोयरीक?"

"काका, कम्युनिटी प्रोजेक्ट म्हटल्यावर कम्युनिटी दाखवायला नको?" स्वानंदी लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाली. पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरूच्या जे. पी. नगरात आलेली ही मुलगी एकदा ब्लाउज शिवायला म्हणून दुकानात आली, आणि अर्ज भरायला म्हणून अडकली.

त्याच शहरातल्या शिवाजीनगरात चाळीस वर्षं फत्तेसिंगांनी बँडवाल्यांचे आणि नाटकवाल्यांचे पोशाख शिवले. शेकडो राजे त्यांच्या कात्रीखालून गेले, पण स्वतः एकदाही राजा झाले नाहीत. शेवटी त्यांनी नाटकच लिहिलं. एक मराठा किल्लेदार तीन दिवसांच्या कामासाठी बेंगळुरात येतो, त्याला हवा आवडते आणि तो परत जायचं विसरतो. आपल्या समाजाचा सगळा इतिहास एवढाच, असं त्यांचं मत. पात्रं चार: किल्लेदार, त्याची बायको, दरबान आणि घोडा. किल्लेदाराचा जरीचा अंगरखा स्वतःच्या मापानं शिवूनही झाला होता. आता इंदिरानगरातल्या एका कलासंस्थेनं अर्ज मंजूर केला, की रंगमंदिर आणि दिवे मिळणार होते.

अडचण पत्रांची नव्हती, पवारांच्या घरच्या रीतीची होती. ज्याची सही घ्यायची त्याला मान द्यायचा. पंचवीस शाली आणायच्या कुठून? म्हणून पहिली सही करणाऱ्या फुलवाल्या गुंडोला त्यांनी दरबान केलं.

ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली. दाताच्या डॉक्टर अनुषा पेन हातात धरून बसल्या.

"अण्णा, त्या काळात दात दुखत नव्हते का हो?"

किल्ल्यात राजदंतवैद्य आले. बेकरीवाल्या दोघा भावांना मिळून घोडा दिला, तर धाकटा रुसला. "सरी अण्णा, ठीक आहे, पण मागचे पाय मीच का?" तेव्हा घोडे दोन झाले आणि मागच्या चार पायांसाठी आणखी दोन माणसं लागली. त्यांनीही सह्या केल्या. अर्ज लिहिला म्हणून स्वानंदी चिटणीस झाली. पंचविसावी सही होईपर्यंत सह्या करणाऱ्यांची बायकामुलं सैन्यात भरती झाली होती.

"अहो, सैन्य एवढं आणि लढाई कुठाय?" किल्लेदाराची बायको झालेल्या सगुणाबाईंनी विचारलं.

"हवा खातंय."

ठरल्या दिवशी संस्थेचे अधिकारी देवव्रत गल्लीतल्या हॉलमध्ये तालीम पाहायला आले. फत्तेसिंगांनी साठ खुर्च्या मांडल्या होत्या. देवव्रत एकीवर बसले. बाकीच्या एकोणसाठ तशाच राहिल्या.

"प्रेक्षक कुठायत?"

"वर आहेत, सर!" रंगमंचावरून दरबान गुंडो ओरडला.

खरंच, खाली बसायला गल्लीत माणूसच उरला नव्हता. फत्तेसिंगांच्या तोंडचं पाणी पळालं. अंगरखा आता अंगावर न चढताच पेटीत जाणार.

"सर, हे इमर्सिव्ह आहे," स्वानंदीनं ठोकून दिलं. "प्रेक्षक आणि कलाकार ही भिंतच आम्ही काढून टाकलीय."

देवव्रतांनी रिकाम्या खुर्च्यांवरून रंगमंचावर नजर फिरवली. मग म्हणाले, "लोकसहभाग साठ टक्के दाखवायला लोकांना घाम फुटतो. इथं शंभर टक्के!" आणि त्यांनी तिथल्या तिथे सही ठोकली.

दोन्ही घोडे उधळले. सैन्यानं पहिल्यांदाच हालचाल केली. गडबड ओसरल्यावर सगुणाबाई हळूच म्हणाल्या, "अहो, साहेबांनी सही केली."

"केली की! बघितलं मी."

"मग मान?"

फत्तेसिंगांनी पात्रांची यादी काढली. "तिसरा घोडा करू."

"साहेबांना घोडा? आणि गुंडो दरबान?" राजदंतवैद्य म्हणाल्या. "शोभतं का अण्णा?"

"छे छे, मला काही नको," देवव्रत म्हणाले. "कॉलेजात नाटक करायचो म्हणा. स्वल्प." बोलता बोलता त्यांची नजर खुंटीवरच्या अंगरख्यावरून हलेना.

साहेब दोन मापांनी मोठे निघाले. फत्तेसिंगांनी स्वतःच्या हातानं काखेतली शिवण उसवली, जादा कापडाची कळी घातली आणि टाके मारले.

प्रयोगाच्या दिवशी रंगमंदिर झगमगत होतं. वर सगळी गल्ली उभी, पुढे जरीच्या अंगरख्यात किल्लेदार देवव्रत. खाली पहिल्या रांगेत, मधोमध, एकटे फत्तेसिंग. किल्लेदारांनी घाबरून पहिलं वाक्य मिशीतच पुटपुटलं.

फत्तेसिंग उठले. मागे वळून दोनशे रिकाम्या खुर्च्यांना त्यांनी हातानंच शांत राहण्याची खूण केली, मग रंगमंचाकडे तोंड करून कडाडले,

"आवाज, किल्लेदार, आवाज! मागच्या लोकांना ऐकू येत नाही!"