माहीमची ती

मी श्रीमंत होणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती! माहीमच्या कातरीनबाईकडे मी एक डुकरीण वाट्याने पाळायला दिली होती. पिल्लं झाली की निम्मी तिची, निम्मी माझी. गावची डुकरं उकिरडे उकरत उन्हातान्हात हिंडतात, म्हणून त्यांना पिल्लं कमी होतात. माझी मात्र सावलीत बसून गोडधोड खाणार आणि डझनावारी विणार, असा माझा सिद्धांत होता.

कचेरीत डोळे मिटावेत, तो माहीमच्या ओल्या वाळूवरून पिल्लांची रांग निघालेली दिसायची. पहिलं पिल्लू खाडीचं पाणी हुंगतंय आणि शेवटचं अजून परळात! आहाहा! साहेबाने हाक मारली तरी रांग काही संपायची नाही.

अडचण एकच. ठाकूरद्वारच्या आमच्या घरात त्या जनावराचं नाव काढलं की वडील, म्हणजे अप्पा, थेट आंघोळीला पिटाळायचे. म्हणून मी तिला नुसतं 'ती' म्हणायचो.

"दर रविवारी कुठे जाता हो?" एकदा बायकोने विचारलं.

"माहीमला. तिला दिवस गेलेत," मी तंद्रीतच म्हणालो.

सुमतीच्या हातातली पळी खाली पडली!

"कोणाला?"

"अगं, तिलाच! निम्मा वाटा माझा आहे त्यात!"

सुमती डोळे पुसू लागली. मला वाटलं, कांदा चिरतेय! आणि तिच्यादेखत मी डब्यातले डिंकाचे लाडू पिशवीत भरले. बाळंतिणीचे लाडू!

माहीमला कातरीनबाईच्या परसात मी लाडू कुस्करतोय, तोच मागून आवाज आला, "कुठंय ती सटवी?"

सुमती! काखेत माहेरी जायचं गाठोडं!

"ही काय!" कातरीनबाई म्हणाली. "काल व्याली. येकच पिल्लू जालं. नुसती लोलते ना! शेजारणीची कोलीवाडाभर हिंडते, तिला नऊ जाली!"

माझी रांग तिथेच आटोपली. पण निदान बायको तरी हसेल म्हणून मी म्हटलं, "बघ, उगाच रडलीस! डुकरीण आहे गं!"

सुमतीने तिच्याकडे पाहिलं, लाडवांकडे पाहिलं. गाठोडं काही खाली ठेवलं नाही.

"आपल्या नलूच्या वेळी मी चिंचपोकळीला माहेरी होते. बाळंतिणीला बघायला एकदा तरी आलात का?"

वाचकहो, तिथे खरोखरच एखादी बाई असती, तर काहीतरी थाप मारून मी निभावून नेलं असतं!