राऊतकाकांचं उतारावरचं गॉल्फ

राऊतकाका कुणाच्या घरी गेले की आधी खिशातून गॉल्फचा पांढरा बॉल काढतात आणि जमिनीवर ठेवतात. यजमान "या, बसा" म्हणत असतात, आणि हे कमरेत वाकून बॉल कुठे जातो ते बघत असतात. बॉल हलतोच. "उतार हाय," काका समाधानानं म्हणतात, आणि मगच खुर्ची घेतात. गल्लीत नवीन आलेल्या एका जोडप्यानं त्यांना वास्तुशांतीला बोलावलं होतं. तिथं भर पूजेत बॉल भटजींच्या मांडीखाली गेला. त्या घरातून काकांना पुन्हा आमंत्रण नाही.

मी त्यांची शेजारीण. वसईत माणिकपूरच्या एका शाळेत शिकवते, आणि गासकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका रो-हाउसमध्ये राहते. ही घरं उभी आहेत तिथं पूर्वी राऊतांची केळीची वाडी होती. "तुझ्या किचनच्या जागी आमची विहीर होती," असं काकांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवलं. तेव्हापासून माझं सिंक तुंबलं की त्यांना मनापासून आनंद होतो.

ते कारखान्यात टूलरूमला सुपरवायझर होते. सगळं आयुष्य लोखंड मोजण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर मोजायला फक्त सुमनकाकू उरल्या.

"भाकरी एका बाजूनं जाड हाय," काका म्हणायचे.

"मग पातळ बाजूनं खा," काकू म्हणायच्या. त्यांच्या संसारातलं एवढंच संभाषण मी भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकत आले.

मुलगा नीलेश कॅनडात. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "पप्पा, जेवलात?" "जेवलो. थंडी हाय का तिथं?" "आहे." शेवटी काका फोन काकूंच्या हातात द्यायचे, एखादं गरम भांडं द्यावं तसे.

मग एके दिवशी तो फोटो आला. हिरवंगार मैदान, नीलेशच्या हातात गॉल्फची काठी, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून एक गोरेपान, टोपीवाले गृहस्थ. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, डॅडबरोबर रविवार.

"हा डॅड कोन?" काकांनी विचारलं.

"त्याचे सासरे," काकू म्हणाल्या. "तुम्ही पप्पा. डॅड ते."

दोन दिवसांनी काकांनी जाहीर केलं की नीलेश डिसेंबरात येणार आहे आणि तोवर आपण गॉल्फ शिकणार. आता आमच्या आसपास गॉल्फचं मैदान कुठून येणार? जी मैदानं होती त्यांवर आमच्यासारख्यांची घरं उभी राहिली. पण काकांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहून उपाय शोधला. घरातच मोठा पडदा लावायचा, प्रोजेक्टरनं त्यावर मैदानाचं चित्र पाडायचं, आणि खरा बॉल खऱ्या काठीनं त्या पडद्यावर मारायचा. शेजारी एक छोटी डबी ठेवायची. ती बॉलचा वेग आणि दिशा मोजते आणि बॉल किती लांब गेला ते पडद्यावर दाखवते. म्हणजे मैदान खोटं, पण मोजमाप खरं. काकांना आणखी काय हवं होतं?

जागा ठरली गॅरेजची. गाडी केव्हाच विकली होती. अडचण एकच, गॅरेजची जमीन चांगलीच उतरती होती. ती त्यांनी स्वतःच तशी करून घेतलेली. एका पावसाळ्यात आमच्या गल्लीत पाणी शिरलं ते बरेच दिवस हललं नाही. काकूंचं शिलाई मशीन त्यात गंजून गेलं. त्यानंतर काकांनी गॅरेज फोडून गेटकडे उतार काढला.

"तोडून सपाट करू या," गवंडी म्हणाला.

"आनि पानी आलं तर? पानी येनारच. थांबता कामा नये," काका म्हणाले. त्यांनी उतार ठेवला आणि वटार गावच्या डॉमनिक सुताराला बोलावून त्यावर लाकडी चौथरा करायला सांगितला. पुढचे पाय लांब, मागचे आखूड.

"काका, हा चौथरा बाहेर कुणी बघितला तर लोक म्हणतील डॉमनिकला माप येत नाय," सुतार वैतागला. काका पाणसळ लावून बसले होते. चौथरा तीनदा उचलला गेला आणि तीनदा पाय तासले गेले. शेवटी पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला, तेव्हा काकांनी डॉमनिकला मिठी मारली. लग्नात काकूंनाही त्यांनी एवढ्या आनंदानं पाहिलं नसेल.

पहिल्याच फटक्याला ट्यूबलाइट फुटली. काठी वर नेल्यावर छताला लागते, हे मोजायचं राहून गेलं होतं. मग काका गुडघे वाकवून खेळायला लागले. त्यानंतर प्रत्येक बॉल पडद्यावर डावीकडच्या तळ्यात जाऊ लागला. काकांनी उभं राहण्याची पद्धत बदलली, पकड बदलली, खांदा दुखावून घेतला. आठवड्यानंतर कळलं की माणूस सपाट चौथऱ्यावर उभा आहे, पण ती मोजणारी डबी खाली उतारावरच ठेवली आहे.

"माझ्या गुडघ्याखाली घालायला घरात एक चटई नाही," काकू मला म्हणाल्या, "आणि त्या बॉलखाली हिरवी मखमल."

डिसेंबरात नीलेश आला. बायकोच्या नातेवाइकांकडे पुण्याला उतरला होता. वसईत एका दुपारच्या जेवणापुरता आला. लॅपटॉपचं बटण दाबायला काकांनी मला बोलावून ठेवलं होतं. ते स्वतः नवा टी-शर्ट आणि टोपी घालून उभे. हातात तशीच दुसरी टोपी.

जेवण झाल्यावर त्यांनी गॅरेजचं शटर वर केलं. पडद्यावर मैदान उजळलं.

"हे काय, पप्पा?" नीलेश म्हणाला.

"गॉल्फ."

नीलेश मोठ्यानं हसला. "तुम्हीपण? मला तर वीट आलाय या खेळाचा. सासऱ्यांना नाही म्हणता येत नाही, म्हणून जातो. अख्खा रविवार त्यांच्यामागून फिरायचं. म्हटलं इंडियात आलो की निदान यातून सुटका."

"अरे, पण यांनी हे तुझ्या..." काकू बोलू लागल्या.

"माझं हाय हे," काका मध्येच म्हणाले. "मला नाद लागला. रिकाम्या मानसानं काय करायचं?" बोलता बोलता त्यांनी दुसरी टोपी प्रोजेक्टरच्या खोक्यामागे सारली. मग चौथऱ्यावर चढले, गुडघे वाकवले आणि बॉल मारला. बॉल सरळ गेला. नीलेशनं टाळ्या वाजवल्या, फोटो काढला, घड्याळ बघितलं. थोड्या वेळानं त्याची टॅक्सी आली.

मला राग आवरत नव्हता. "खरं सांगायचं होतंत त्याला," मी म्हटलं.

"काय सांगू?" काका लॅपटॉप मिटत म्हणाले. "तिथं एका म्हाताऱ्याच्या मागं फिरतो. इथं दुसऱ्याच्या मागं फिरवू?"

हे इथंच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण आता रविवारच्या फोनवर नीलेश जेवणाचं विचारत नाही. "पप्पा, गॉल्फ कसं चाललंय?" म्हणतो. काका सांगतात, बॉल किती लांब गेला, कुठं वळला, काठी कशी धरली. नीलेश काहीतरी सुचवतो. काका "बरं, बरं" म्हणतात. काकू फोनसाठी हात पुढे करून बसलेल्या असतात, आणि त्यांना बराच वेळ थांबावं लागतं.

काकांना हा खेळ मुळीच आवडत नाही. "बेकार खेळ हाय," ते मला स्वतःच म्हणाले. खांद्याला सूज आहे. डॉक्टरांनी काठीला हात लावायचा नाही म्हणून बजावलंय.

काल शनिवार. संध्याकाळी शटर वर गेल्याचा आवाज आला म्हणून डोकावले. काकू त्यांच्या खांद्याला मलम चोळत होत्या, तोंडानं शिव्या घालत होत्या.

"काका, कशाला?" मी म्हटलं. "उद्या एखादा आकडा सांगून टाका ना. तो काय बघायला येतोय?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांची विहीर पुन्हा एकदा बुजवली.

"पोराशी खोटं बोलू?" ते म्हणाले, आणि काठीचा आधार घेत चौथऱ्यावर चढले.