आबांची फिरती अंघोळ

आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, एका जागी कधी अंघोळ करत नसत. घरात न्हाणी होती, पण तिथलं पाणी नालीत जातं हे त्यांना सोसत नसे. रोज सकाळी बादली, तांब्या आणि लाकडी पाट घेऊन ते अंगणातल्या बागेत शिरायचे. ज्या झाडाची पाळी असेल त्याच्या बुडाशी पाट मांडायचे. आज जास्वंद, उद्या मोगरा, परवा लिंबोणी. साबण बंद. "साबण झाडाला मानवत न्हाई," म्हणून अंगाला हरभऱ्याचं पीठ. शेजारणी आमच्याकडे यायच्या आधी फाटकातूनच ओरडायच्या, "आबा, आज कुठल्या झाडाला हायेत?"

आमचं गाव पालीच्या जवळ. बिंदुसरा नदीचं धरण हाकेवर, पण आमच्या वाट्याला त्याचा वारा तेवढा. आबा गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. बैठकांची इतकी सवय, की घरातही साधं 'हो' म्हणत नसत. आईनं विचारलं, "पिठलं टाकू का?" की पाटावरूनच हात वर, "ठराव मंजूर!"

आज मी वडवणीला शाळेत चित्रकला शिकवते, पण माझ्या हातात पेन्सिल आबांनीच दिली. मी जास्वंदीचं पान काढून नेलं, की ते कागद डोळ्यांजवळ धरायचे. "बाई, हे पान हाय का पापड? कडंचे दात कुठं गेले त्याचे?" मग मला झाडापाशी उकिडवं बसवायचे. "आधी निस्तं बघ. बघून जीव भरला, की मंग काढ."

मग ते दुष्काळाचं साल आलं. विहिरी आटल्या, गावात टँकर सुरू झाला. जनावरं चारा छावणीत गेली, माणसं ऊसतोडीला. दूध केंद्रावर कॅन रिकामे पडले, तरी आबा रोज कुलूप उघडून तिथं बसायचे. आमच्या आळीत दुभती अशी एकच म्हैस उरली, शेजारच्या गयाबाईची. नुकतीच व्यालेली, छावणीपर्यंत चालवत नेण्यासारखी नव्हती.

एका सकाळी गयाबाई फाटकात येऊन उभी राहिली. "आबा, व्यापारी आलाय. म्हैस इकून टाकते. लई झालं. पाणी कुठून पाजू तिला?"

आबा पाटावर बसणार होते, ते बसले नाहीत. भरलेली बादली उचलून तसेच तिच्या गोठ्यात गेले आणि म्हशीसमोर ठेवली. "व्यापाऱ्याला माघारी लाव. जनावर ऱ्हायलं तर सोसायटी ऱ्हाईल."

घरी येऊन आईला म्हणाले, "आजपासून अंघोळ तहकूब."

"अन् झाडं, आबा?" आईनं विचारलं.

आबांनी लाकडी पाट उचलून भिंतीला उभा केला.

त्या दिवसापासून आबा ओल्या फडक्यानं अंग पुसायचे आणि बादली गोठ्यात जायची. बाग वाळायला लागली. आधी शेवंती गेली, मग मोगरा. "जाताहेत तवर काढून घे," आबा मला म्हणाले. सोसायटीचे पाठकोरे कागद त्यांनी आणून दिले. मी काढायची आणि ते माझ्यावर धोतराच्या सोग्याची सावली धरून उभे राहायचे. जास्वंदीच्या पानांचे दात तेव्हा कुठे मला नीट जमले.

लिंबोणीनं सगळ्यांत शेवटी पानं टाकली. ती आबांनी बीपासून वाढवलेली. तिच्यापाशी ते फिरकलेच नाहीत. ओट्यावर तिच्याकडे पाठ करून बसायचे. पानं गळायच्या आधी तिचं चित्र मी एकटीनं काढलं.

पुढं पाऊस झाला. माणसं परतली, छावणीतली जनावरं परतली, आणि केंद्रावरच्या पहिल्या कॅनमध्ये गयाबाईच्या म्हशीचं दूध पडलं. आबांनी तिला सगळ्यांदेखत खुर्ची दिली. गयाबाई लाजून उभीच राहिली.

त्या दुपारी ते घरी आले. अंगणात लिंबोणीचं नुसतं खोड होतं. त्यांनी मला हाक मारली. "हिचं काढलं व्हतंस का गं?"

मी कागद आणून दिला. चष्मा लावून ते खूप वेळ बघत राहिले. आता काय चूक काढतात, म्हणून मी थांबले होते. त्यांनी एका पानावर अंगठा ठेवला, हळूच चोळला आणि नाकाशी नेला.

मग मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"निस्ता पेन्सिलीचा वास हाय," ते म्हणाले. कागद मात्र त्यांनी परत दिला नाही.