चांगल्या घरातला डिफरन्शियल

मेहुणीच्या लग्नात नवरदेवाला मिरवायच्या गाडीचा पार्ट मीच आणतो, असं मी बोलून गेलो. (बोलावंच लागलं. गाडी मीच मोडली होती.) सासऱ्यांची, म्हणजे बिभीषणरावांची, जुनी काळी फियाट. माझीही वरात तिच्यातूनच निघाली होती. गेल्या महिन्यात पुणतांब्याला ती चिखलातून काढताना मी क्लच असा सोडला, की मागची चाकं फिरवणाऱ्या डिफरन्शियलचे दातच गेले. तेव्हापासून सासरे माझ्याशी फक्त लेकीमार्फत बोलत.

"अहो, जुना पार्ट घेताय तर कुणाकडचा ते नीट विचारून घ्या," विजयमाला म्हणाली. "माहेरी पुन्हा माझी मान खाली नको."

नगरला आसारामच्या भंगाराच्या दुकानात दोन डिफरन्शियल माझ्यासमोर आले. मी स्थळ बघायला आल्यासारखा सरसावून बसलो.

"हा कुठला?"

"टॅक्सीतला. फियाटच हुती."

टॅक्सी! स्टँडवर उभं राहायचं आणि येईल त्याला बसवून घ्यायचं! (लग्नघरात असलं वळण नको.)

"आणि हा?"

"चेअरमनसायबांच्या परदेशी गाडीतला. पर तुमची गाडी कंची?"

"काळी," मी म्हणालो. "चेअरमन स्वभावाने कसे होते?"

आसारामने डोकं खाजवलं. "लई भला मानूस."

मी पार्ट उचलला.

लग्नाच्या सकाळी गावातल्या भिमाजी मिस्त्रीने तो घासून, ठोकून एकदाचा बसवला. गाडी जॅकवर होती. "फिरत्यात बगा चाकं!" तो ओरडला. फिरत होती खरी. कुठल्या बाजूला, ते बघायचं कुणालाच सुचलं नाही.

"च्या घ्या, जावईबापू," सासरे थेट मला म्हणाले. मला अगदी भरून आलं.

संध्याकाळी मारुतीच्या देवळापासून मिरवणूक निघाली. पुढे बँड, मागे करवल्या, गाडीत नवरदेव. मी ऐटीत पहिला गिअर टाकला. गाडी मागे गेली. करवल्या किंचाळत पांगल्या. घाईघाईने ब्रेक दाबून दुसरा टाकला, तर आणखी जोरात मागे!

"पुढं घ्या की!" सासरे ओरडले.

"पुढंच घेतोय!"

"नवरदेव नको म्हनतोय का काय?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. विजयमालाने पदराने तोंड झाकलं. नवरदेवाने मुंडावळ्या बाजूला सारून मला विचारलं, "दाजी, घरी चाललोय का आपण?"

शेवटी सासऱ्यांनी मला बाजूला सरकवलं, क्षणभर विचार केला आणि रिव्हर्स टाकला. गाडी अलगद पुढे निघाली. बँड वाजू लागला. नवरदेव रिव्हर्स गिअरमध्ये मांडवात पोचला.

उतरल्यावर मी काकुळतीला आलो. "मामा, चांगलं घर बघून आणला होता हो."

सासऱ्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

"आमीबी तेच केलं हुतं, जावईबापू. घर बगितलं. चालवून बगायचं ऱ्हायलं."